पहिली ते चौथी, विषयाला एक पान : काय ठेवाल, काय गाळाल?

बदलीवाली | ११ एप्रिल, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं वाचनमात्र होते. आता अडलंय, म्हणून पहिला धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याची बदली बेंगळुरूहून नाशिकला झाली. लेक तिथे सीबीएसईची चौथी संपवून आलीय. जूनमध्ये इथे पाचवी, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. घरात मराठीच बोलतो, त्यामुळे बोलण्याची चिंता नव्हती. पण परवा खाली पत्ते खेळताना शेजारची मुलगी म्हणाली, "माझे एकोणसाठ झाले." आमच्या बाईसाहेब वर येऊन मला हळूच विचारतात, "आई, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन?" तिथे मला घाम फुटला. मग सहज चाचपून पाहिलं. तोरणा म्हणजे दाराला बांधतात ते. शिवाजी महाराज माहीत आहेत, पण सिनेमातले. गोदावरी कुठे उगम पावते विचारलं तर म्हणे, "आपल्या पुलाखाली."

बालभारतीच्या साइटवरून पहिली ते चौथीची पुस्तकं उतरवून घेतली (फुकट मिळतात, फार चांगली सोय आहे). हातात दोन महिने. बेत असा की विषयाला एकच पान करायचं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, आणि तिच्या टेबलासमोर भिंतीवर लावायचं. मराठी, गणित, परिसर अभ्यास, महाराजांचा इतिहास, आणि सेमीसाठी मराठी-इंग्रजी शब्दांचं एक. गणिताचं कसंबसं बसवलं. परिसर अभ्यास मात्र चार पानांवर गेलाय आणि काही गाळवत नाही. घरात कागदाची रीम आहे, पाचशे पानं संपेपर्यंत मी हेच करत बसेन अशी लक्षणं आहेत.

तुम्ही काय ठेवाल, काय गाळाल?

बोरकूट | ११ एप्रिल, दुपारी ३:२५

यालाच अंकलिपी म्हणतात ताई. आमचं सगळं जग त्यात संपायचं. मुळाक्षरं, पाढे, वार, महिने, ऋतू, फळं, प्राणी आणि मागच्या मलपृष्ठावर भारताचा नकाशा. माझ्या अंकलिपीचं मलपृष्ठ मी खाल्लं होतं, त्यामुळे माझा भूगोल अजून कच्चा आहे.

उंबरठा | ११ एप्रिल, दुपारी ३:३१

बोरकूट :)) 
अंकलिपीला +१

गणिती_किडा | ११ एप्रिल, दुपारी ४:०२

धाग्याला उत्तर नंतर देतो. आधी एक दुरुस्ती. तुमच्या रीमेत पाचशे कागद असतील, पण शाळेच्या पुस्तकातल्या रीमेत ४८० असतात. २४ कागदांचा एक दस्ता, २० दस्त्यांची एक रीम. शिष्यवृत्तीच्या तयारीत हे हमखास येतं आणि ज्या मुलाचे बाबा झेरॉक्सचं दुकान चालवतात तेच मूल चुकतं. तेव्हा गणिताच्या पानावर रीम ठेवणार असाल तर ४८० लिहा आणि लेकीला खरं काय तेही सांगा.

बदलीवाली | ११ एप्रिल, दुपारी ४:१०

बघा! मी ५०० लिहून मोकळी झाले होते. धन्यवाद.

पाटीपेन्सिल | ११ एप्रिल, रात्री ९:५०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं शिकवतोय, बहुतेक काळ तिसरी-चौथी. आमच्याकडे वर्षाच्या मध्ये ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवरची मुलं येतात-जातात. पाच महिने शाळा बुडालेलं मूल वर्गात बसलं की त्याला चार महिन्यांत काय द्यायचं, हा तुमचाच प्रश्न मला दर वर्षी पडतो. तेव्हा अनुभवाचं सांगतो.

आधी दोन टोपल्या करा. पहिल्या टोपलीत, जे न आल्यास पुढच्या वर्षी मूल अडतं ते. दुसरीत, जे हवं तेव्हा पुस्तकात बघता येतं ते. पान पहिल्या टोपलीचं करा, दुसरीचं करूच नका.

गणितात पहिली टोपली लहान आहे. स्थानिक किंमत, चार क्रिया, पाढे, आणि अपूर्णांकाचा अर्थ. अंश-छेदाची व्याख्या नको, भाकरीचे चार तुकडे करून तीन खाल्ले तर काय उरलं ते हवं. परिसर अभ्यासात दिशा-उपदिशा, नकाशा वाचणं, पाण्याच्या अवस्था, अन्न कुठून येतं, शरीर, आणि गावाचा कारभार कोण चालवतं. एवढंच. जिल्ह्यांची यादी, धरणांची यादी, कोणतं पीक कुठे, ही दुसरी टोपली. ३६ जिल्हे एका दमात म्हणणारं पोर मी पाहिलंय. त्याला भिंतीवरच्या नकाशात आपला तालुका दाखव म्हटलं तर बोट विदर्भात गेलं. आम्ही राहतो खानदेशात.

तुमच्या चार पानांत याद्या किती आहेत ते मोजा.

बदलीवाली | ११ एप्रिल, रात्री १०:१५

मोजल्या. अकरा. :(

तिखटमीठ | ११ एप्रिल, रात्री १०:२०

३६ जिल्हे? आम्ही तर ३० पाठ केले होते!

बोरकूट | ११ एप्रिल, रात्री १०:२४

३५.

उंबरठा | ११ एप्रिल, रात्री १०:२९

मीपण ३५.

आजीची_पिशवी | ११ एप्रिल, रात्री १०:४०

२६. हसू नका रे.

गणिती_किडा | ११ एप्रिल, रात्री ११:०५

हा तर वय काढायचा उत्तम मार्ग निघाला. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, झाले ३०. १९९० ला मुंबई उपनगर वेगळं, ३१. १९९८ ला वाशीम आणि नंदुरबार, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, ३५. मग २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर. म्हणजे तिखटमीठ ऐंशीच्या दशकात शाळेत होत्या आणि बोरकूट स्वतःला समजतो तेवढा तरुण नाही.

ग्रहांचंही तसंच. नऊ म्हणणारे २००६ च्या आधीचे.

तिखटमीठ | ११ एप्रिल, रात्री ११:१२

बाईचं वय असं चारचौघांत काढतात का? निषेध.

बाकी मुद्दा मात्र पटला. जे बदलतं ते पाठ करून घेण्यात काय हशील? बदलीवाली, एक लक्षात ठेवा, उतरवलेली पुस्तकं जुन्या आवृत्तीची असतील तर त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर अशीच नावं दिसतील. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर करून घ्या. नाहीतर पहिल्याच दिवशी वर्गात लेकीला कुणीतरी टोकेल.

नुसतीच_खवचट | १२ एप्रिल, सकाळी ८:१५

मला एक कळत नाही. दहा वर्षांची पोर, एप्रिल-मे महिना, नवं गाव. तिला आंबे खाऊ द्या की! चार वर्षांचं सार दोन महिन्यांत पाजण्याची घाई कुणाला झालीय, तिला की तुम्हाला?

हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये (बरं, थोडा आहे). मी स्वतः हे केलंय. मुलगा चौथीत असताना प्रत्येक विषयाचं पान केलं. रंगीत पेनं, चौकटी, बाण, वरून लॅमिनेशन. दोन महिने रात्री जागले. शेवटी अख्खा अभ्यास माझा पाठ झाला. चौथीची परीक्षा मला द्यायला दिली असती तर मी वर्गात पहिली आले असते. मुलाला त्या पानांतलं काय आठवतं विचारलं तर म्हणे, "कोपऱ्यात तू उंदीर काढला होतास." तो उंदीर नव्हता, शेकरू होतं. राज्यप्राणी.

बदलीवाली | १२ एप्रिल, सकाळी ९:०२

हाहाहा. शेकरू!! माझ्याकडेही आहे, आणि तेही उंदरासारखंच झालंय.

घाई थोडी माझीच आहे, कबूल. पण परवा ती वर येऊन कानात विचारत होती हेही खरं. सगळ्यांसमोर विचारायची तिला लाज वाटली. ते मला लागलं.

पाटीपेन्सिल | १२ एप्रिल, सकाळी ९:४०

खवचटताईंनी नेमकं दुखणं सांगितलं. पान ज्यानं केलं त्याच्या डोक्यात बसतं. भिंतीवर लावलेलं पान आठ दिवसांत भिंत होऊन जातं. आमच्या शाळेत बोलक्या भिंती आहेत, सुविचार, पाढे, नकाशे, सगळं रंगवलेलं. "पाण्याचा अपव्यय टाळा" असं लिहिलेल्या भिंतीखाली नळ वाहत असतो.

मी उलटं करतो. पान दाखवायचं, पाच मिनिटं वाचू द्यायचं, मग पालथं ठेवायचं. आता कोऱ्या कागदावर आठवेल ते काढ. शब्द, चित्र, बाण, काहीही चालेल. मग पान सरळ करून आपलंच आपण तपासायचं आणि सुटलेलं लाल पेन्सिलने घालायचं. दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा. लाल कमी होत जातं ते मुलाला स्वतःला दिसतं. आपण काही बोलायचं नाही, हा यातला सगळ्यात अवघड भाग.

शुद्धलेखनी | १२ एप्रिल, सकाळी ११:३०

मराठीच्या पानाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मुळाक्षरं तिला येत असतीलच, सीबीएसईत हिंदी असेल तर लिपीही तीच. फक्त ळ, ॲ आणि ऑ यांच्याकडे लक्ष द्या. आता शाळांत बाराखडीची चौदाखडी झालीय, त्यामुळे कॅ आणि कॉ म्हणताना ती अडखळू नये.

हिंदीवरून आलेल्या मुलाचा खरा घोळ ऱ्हस्व-दीर्घाचा असतो. त्याचे तीन नियम पानावर घाला, बस. 
शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ : पाटी, वाटी, चाकू, लाडू. अपवाद आणि, नि, आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले काही. हिंदीत 'कि' ऱ्हस्व असतो, आपला 'की' दीर्घ. 
शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ : फूल, गरीब, वकील. (गुण, विष, मंदिर हे संस्कृतचे, ते ऱ्हस्वच.) 
शब्दाला प्रत्यय लागला की तो दीर्घ ऱ्हस्व होतो : फुलाला, गरिबाने, वकिलाकडे.

यापेक्षा जास्त व्याकरण चौथीच्या मुलाला नको. गोष्टीची पुस्तकं द्या. 'किशोर' मासिक लावा, बालभारतीच काढते, १९७१ पासून चालू आहे.

बोरकूट | १२ एप्रिल, सकाळी ११:४१

सहमत आणी धन्यवाद.

शुद्धलेखनी | १२ एप्रिल, सकाळी ११:४३

बोरकूट, मुद्दाम केलंस ना?

बोरकूट | १२ एप्रिल, सकाळी ११:४४

हो. आनि परत करीन.

हडसनकाठी | १२ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

न्यू जर्सीहून. इथे रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, आमची सगळी मुलं म्हणजे बदलीवालीची लेक गुणिले वीस. त्यामुळे एकोणसाठ हा आमच्या वर्गातला जुना शत्रू.

आम्ही पाठ करून घेत नाही, फोड करून देतो. एकोण म्हणजे एक उणा. एकोणसाठ, साठाला एक उणा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळ्यांना तीच किल्ली. नव्याण्णव तेवढा वेगळा. पुढच्या दशकाचं नाव ऐकू आलं की एक मागे यायचं, एवढं मुलाला कळलं की अर्धी लढाई जिंकली.

दुसरी अर्धी म्हणजे पाव, अर्धा, पाऊण. तुमच्या गणिताच्या पानावर हे आहे का? बहुधा नसेल, कारण आपल्याला ते शिकल्यासारखं वाटतच नाही. आमच्या मुलांना "साडेएक" आणि "साडेदोन" का चालत नाही ते समजावताना नाकी नऊ येतात. दीड, अडीच, आणि साडे तीनपासून पुढे. पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. साडेबारानंतर पाव तासाने नुसतंच "पाऊण वाजला". आणि हेच शंभराला लागलं की पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०. नाशकात भाजीबाजारात पहिल्या दिवशी हे लागणार, जिल्हे नाही.

आजीची_पिशवी | १२ एप्रिल, संध्याकाळी ७:०५

हडसनकाठी, तुझ्या तोंडात साखर पडो. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशा सगळ्या पाठ होत्या. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा : साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. शाळा सुटायच्या आधी सगळा वर्ग उभा राहून एका सुरात म्हणायचा. पुढे मी कधी कॅलक्युलेटर हातात घेतला नाही. अजून दुकानदाराच्या आधी माझा हिशेब होतो आणि तो चिडतो.

गणिती_किडा | १२ एप्रिल, संध्याकाळी ७:४४

आजी, दंडवत.

आता एकोण निघालंच आहे तर २०१९ आठवतंय का? दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी वीस एक, बावीसऐवजी वीस दोन असं वाचायचा पर्याय दिला होता आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेतही चर्चा झाली. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या, त्यांचं म्हणणं होतं की मुलांना जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे संख्याशब्द जड जातात, लिहिताना ७२ चे २७ होतात. मी तेव्हा विरोधात होतो. बदलीवालीच्या लेकीचा प्रश्न वाचून आज थोडा डळमळलोय.

तिखटमीठ | १२ एप्रिल, संध्याकाळी ७:५२

नको!! त्या वादावर तेव्हा इथे धागे पेटले होते, संपादकांनी टाळं लावलं होतं. पुन्हा नको.

गणिती_किडा | १२ एप्रिल, रात्री ८:१५

बरं, वाद नको. त्यापेक्षा एक इशारा देतो. सगळ्यांनाच तानापिहिनिपाजा आवडतं, आणि ते निर्दोष आहे : तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. खुशाल ठेवा. पण गणितातलं 'कंचेभागुबेव' जपून. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. यातलं 'भागु' निर्धोक आहे, भागाकार आधी केला तरी उत्तर बिघडत नाही. 'बेव' मात्र फसवतं. १० − ३ + २ घ्या. मूल म्हणतं आधी बेरीज, ३ आणि २ पाच, दहातून पाच गेले, उत्तर ५. खरं उत्तर ९. बेरीज-वजाबाकी डावीकडून उजवीकडे जशी येईल तशी करायची असते. हे त्या सात अक्षरांत कुठेच नाही. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना यात अडकलेलं पाहिलंय.

थोडक्यात आणताना जे गळतं तेच कधीकधी महत्त्वाचं असतं, असं माझं मत.

नुसतीच_खवचट | १२ एप्रिल, रात्री ८:३०

कंचेभागुबेव ही सहा अक्षरं आहेत.

गणिती_किडा | १२ एप्रिल, रात्री ८:३३

कं, चे, भा, गु, बे, व. सहा. तोंडघशी पडलो. कुणी उचला.

कडुलिंब | १२ एप्रिल, रात्री ९:१०

दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे शरीराच्या पानाबद्दल दोन शब्द. दुधाचे दात २०, कायमचे ३२, हे बरोबर. पण तुमची लेक दहा वर्षांची आहे, तिच्या तोंडात आत्ता दोन्हींची खिचडी असणार. आरशासमोर उभी करा आणि मोजू द्या. पटाशीचे, सुळे, उपदाढा, दाढा ही नावं आपोआप येतील.

आणि जिभेचा तो नकाशा, शेंड्याला गोड, मागे कडू, कडेला आंबट, कुठल्या जुन्या तक्त्यावरून उचलला असेल तर फाडून टाका. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. खात्री करायची तर चिमूटभर साखर जिभेच्या मागच्या बाजूला ठेवून बघा.

बदलीवाली | १२ एप्रिल, रात्री ९:१८

उचलला होता. फाडला. आत्ताच साखरेचा प्रयोग झाला, त्यानिमित्ताने तीन चमचे साखर पोटात गेली. दातांच्या डॉक्टरांनी सुचवलेला प्रयोग आहे हे नोंदवून ठेवते.

कडुलिंब | १२ एप्रिल, रात्री ९:२१

चिमूटभर म्हटलं होतं हो!

पाटीपेन्सिल | १३ एप्रिल, रात्री १०:०५

इतिहास राहिला. त्याचं पान करू नका. सुतळी करा.

मी चौथीला हेच करतो. लांब सुतळी घ्यायची, चार बोटांवर एक अशा गाठी मारायच्या. एक गाठ म्हणजे एक वर्ष. १६३० ते १६८०, पन्नास गाठी. पहिल्या गाठीला शिवनेरी. मग मुलं गोष्ट ऐकतात, चिठ्ठी लिहितात आणि त्या त्या गाठीला बांधतात. पाठ काही करायचं नाही.

गंमत पुढे आहे. सुरुवातीच्या गाठी बऱ्याचशा मोकळ्या जातात. मग १६५९ ला प्रतापगड, १६६० ला पन्हाळ्याचा वेढा आणि पावनखिंड, १६६३ ला लाल महाल, १६६४ ला सुरत, १६६५ ला पुरंदरचा तह, १६६६ ला आग्रा. आठ गाठींत सहा चिठ्ठ्या, सुतळी तिथे जड होऊन खाली लोंबते. पुढे १६७० सिंहगड, १६७४ राज्याभिषेक. सनावळ्या पाठ करून हे कधीच दिसत नाही. सुतळीवर पोरांना एका नजरेत कळतं की त्या काही वर्षांत काय धामधूम झाली असेल.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलं, "गुरुजी, आग्र्याहून आल्यावर तीन गाठी रिकाम्या का? तेव्हा महाराज काय करत होते?" एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. लढाई नाही म्हणून चिठ्ठी नाही. मोगलांशी तह टिकून होता तो काळ, राज्याची घडी बसवण्याचं काम त्याच शांततेत झालं. त्या वर्षीपासून त्या तीन गाठींना आम्ही एक कोरी चिठ्ठी बांधतो.

गणिती_किडा | १३ एप्रिल, रात्री १०:३१

गुरुजी, साष्टांग नमस्कार. फक्त १६३० ते १६८० दोन्ही धरून ५१ गाठी होतात, ५० नाही. (अक्षरांचा सूड.)

पाटीपेन्सिल | १३ एप्रिल, रात्री १०:३६

खरंय! म्हणून दर वर्षी शेवटी एक गाठ कमी पडते आणि मी सुतळी विकणाऱ्याला दोष देतो.

नुसतीच_खवचट | १३ एप्रिल, रात्री १०:५०

हे मात्र मी सुट्टीतसुद्धा करू देईन.

बदलीवाली | ९ मे, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. महिनाभरात काय झालं ते सांगायला हवं, तुम्ही एवढं लिहिलंत.

सुतळी झाली. ५१ गाठी. दिवाणखान्यात खिडकीपासून दारापर्यंत टांगलीय, येणारा प्रत्येक पाहुणा वाकून आत येतो. शेजारच्या मुलीला बोलावून दोघींनी मिळून चिठ्ठ्या बांधल्या. तिला गोष्टी माहीत होत्या, आमच्या लेकीला गाठी मोजता येत होत्या.

परिसर अभ्यासाच्या चार पानांचं दीड पान उरलं. मी गाळलं नाही, लेकीनं गाळलं. गुरुजींची पालथं ठेवायची पद्धत सुरू केली, चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आई, हे मी तीनदा विसरले आणि काहीच बिघडलं नाही, हे काढू?" काढलं. धरणं गेली. दिशा राहिल्या, कारण सोसायटीच्या गच्चीवर उभं राहून ईशान्य-आग्नेय करताना तिला मजा आली. गोदावरीसाठी त्र्यंबकेश्वरला गेलो, ब्रह्मगिरी दाखवला. आता पुलावरून जाताना ती पाण्याकडे बघून "हे कुठून आलं" ते सांगते, आणि न विचारता सांगते, हा त्रास वेगळा.

मराठीचं पान शुद्धलेखनी ताईंचंच आहे जवळजवळ. 'की'ला दीर्घ द्यायला अजून विसरते. भाजीबाजारात पाऊणशे-सव्वाशेची परीक्षा झाली, एकदा फसली, दीडशेच्या जागी अडीचशे द्यायला निघाली. भाजीवाल्या मावशींनीच हात धरून थांबवलं.

आणि एकोणसाठ. किल्ली दिली, पाठ झालं, तरी मध्येच अडायची. मग एक दिवस शेजारच्या मुलीनं तिला विचारलं, "तुमच्या कन्नडमध्ये काय म्हणतात?" ही म्हणाली, "ऐवत्तोंबत्तु." ऐवत्तु म्हणजे पन्नास, ओंबत्तु म्हणजे नऊ. पन्नास-नऊ. सरळच! मी इतकी वर्षं बेंगळुरूला राहून हे कधी लक्षात घेतलं नव्हतं. तिच्या कानात चार वर्षं पन्नास-नऊ बसलेलं, तिला "साठाला एक कमी" उलटं वाटणारच.

आता उलटीच शाळा सुरू आहे. लेकीनं शेजारणीसाठी कन्नड आकड्यांचं एक पान केलंय, एकाच बाजूने, चित्रांसह. कोपऱ्यात शेकरू आहे. उंदरासारखंच दिसतंय.

हडसनकाठी | ९ मे, रात्री १०:१०

ऐवत्तोंबत्तु! हे मी रविवारी वर्गात सांगणार. परवानगी गृहीत धरते.

आजीची_पिशवी | ९ मे, रात्री १०:२५

ग्वाड पोर आहे. दृष्ट काढ तिची. आणि त्या सुतळीला अडकून कुणी पडणार नाही हे बघ.

नुसतीच_खवचट | ९ मे, रात्री १०:४१

आंबे खाल्ले का तिने?

बदलीवाली | ९ मे, रात्री १०:४४

दोन पेट्या.

बोरकूट | ९ मे, रात्री ११:०२

जुन्या सामानात एक अंकलिपी सापडलीय, पाठवू का कुरिअरने? मलपृष्ठ शाबूत आहे, माझ्या धाकट्या भावाची होती.